आजारी पडायची मुभा

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती दोघांच्या अंगमेहनतीतून फेडायची असते, आणि दोघांपैकी एक जण फडात उतरला नाही की त्या दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या, तेव्हा या खाड्याचा दर बाहेरच्या लोकांना कळला. दिवसाला पाचशे रुपये, कुठे त्याहून जास्त. पाळीत पोटात कळा येतात म्हणून दोन दिवस कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, पडून राहिलं की हजार रुपये गेले. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, वाकून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. पुढे अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, म्हणून गावाकडच्या खासगी दवाखान्यात जावं तर ‘पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं ऐकायला मिळे. तिशीच्या अलीकडे-पलीकडे बायकांनी पिशव्या काढून घेतल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या वेळी झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं हे ऑपरेशन झालेलं आढळलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे.

तेव्हा दोन स्पष्टीकरणं लगोलग पुढे आली. डॉक्टर पैशाला हपापलेले आणि बायका अडाणी. पहिल्यात तथ्य आहे. दुसरं मला मान्य नाही. ऑपरेशनला कर्ज काढावं लागतं, नंतर अंगातली ताकद जाते, हाडं दुखतात, हे वस्तीतल्या आधीच्या बायकांकडे पाहून त्यांना दिसत नसेल असं समजणं हा आपला शहरी तोरा झाला. एकदाच काय तो खर्च आणि मग दर महिन्याचा खाडा कायमचा बंद, हा हिशेब ज्या व्यवस्थेत बरोबर येतो तिथे तो करणाऱ्या बाईला अडाणी कसं म्हणायचं? तिने दुखण्यावर इलाज शोधला नव्हता, दंडावर शोधला होता.

बाई आणि पुरुष यांच्या आरोग्यातला फरक म्हटला की आपण हॉर्मोन्स, गर्भाशय, बाळंतपण इथून सुरुवात करतो. तो फरक आहेच. पण लोक प्रत्यक्षात ज्या कारणाने जास्त काळ, जास्त वाईट तऱ्हेने आजारी राहतात ते बहुतेकदा वेगळंच असतं. दुखतंय म्हणून काम थांबवायची मुभा कोणाला आहे, कोणाला नाही, आणि कोणत्या दुखण्यासाठी आहे, हे आधीच ठरलेलं असतं. ही वाटणी बाईच्या बाजूने बहुतेक ठिकाणी तोट्याची आहे. काही ठिकाणी ती पुरुषालाही मारते. ती वाटणी बदलल्याशिवाय जनजागृतीची फलकबाजी आणि आठ मार्चची मोफत तपासणी शिबिरं यांतून फार काही हाती लागणार नाही, असं मला वाटतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५१ साली मांडलेली एक कल्पना इथे कामाला येते. आजारीपण ही त्यांच्या मते एक सामाजिक भूमिका. ती मिळाली की माणसाची रोजच्या जबाबदाऱ्यांतून सुटका होते आणि आजारी पडल्याचा ठपका त्याच्यावर येत नाही. बदल्यात त्याने बरं व्हायची इच्छा धरायची, जाणकाराकडे जायचं, सांगितलेलं पाळायचं. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली. माझी तक्रार साधी आहे. एकाची सुटका होते तेव्हा त्याचं काम दुसरं कोणीतरी उचलतं. ते कोण, हे त्या मांडणीत येत नाही. कचेरीत रजेचा अर्ज असतो, बदली माणूस असतो, निदान टेबलावर फायली साचू देण्याची सोय असते. स्वयंपाकघरात काय साचू द्यायचं?

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जात होते, पुरुषांचे ९७. त्यातही ९७ हा आकडा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांच्यापुरता, आणि असे पुरुष शेकडा २६ होते. उरलेले या सरासरीत मोजलेलेच नाहीत. म्हणून मग मध्यमवर्गीय घरातलं दृश्य असं असतं. नवऱ्याला ताप आला की खोलीतला दिवा मालवतात, मुलांना गप्प बसवतात, मऊ भात होतो, साजूक तुपाची बरणी निघते. बाईला ताप आला की ती एक गोळी घेते आणि कुकर लावते. ‘तू जरा पड बरं’ असं तिला सगळेच सांगतात, अगदी मनापासून सांगतात, आणि साडेआठला ‘आज काय केलंयस?’ असंही तेवढ्याच मनापासून विचारतात. दुखणं अंगावर काढणं हा तिचा स्वभाव आहे असं आपण कौतुकाने म्हणतो. ज्याला पर्याय नाही त्याचा स्वभाव बनवून टाकणं ही आपली जुनी सोय आहे.

हे अगदी टोकाला कसं जातं ते अवयवदानाच्या आकड्यांत दिसतं. १९९५ ते २०२१ या काळात देशात जी प्रत्यारोपणं झाली त्यांत ज्यांना अवयव मिळाला अशांपैकी पाचातले चार पुरुष होते. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत पाचातल्या चार बायका. मूत्रपिंडाचा आजार पुरुषांत थोडा जास्त दिसतो असं मान्य केलं तरी एवढी तफावत शरीरशास्त्रातून निघत नाही. ‘तो कमावता आहे, त्याला काही झालं तर घर बसेल’ असं वाक्य दवाखान्यात बोललं जातं आणि ते खोटंही नसतं. पण त्याच वेळी ती नसली तर घर उभं कसं राहील याचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तिच्या कामाची पावती कुठेच फाटलेली नसते. मी यात कोणा एका नवऱ्याला दोषी धरत नाही. बायको आपण होऊन पुढे होते, सासू आणि आई दोघीही तिला म्हणतात की बरोबर करते आहेस. सगळ्यांच्या संमतीने होतं, म्हणून तर तपासायला हवं.

पुण्याने या विषयावर जगाला बरंच शिकवलं आहे, आणि पुणेकरांना त्यातलं फारसं ठाऊक नसतं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदर राहण्याआधीपासून त्यांची नोंद ठेवली, मग बाळं मोजली, आणि पुढे ती मुलं मोठी होईपर्यंत पाठ सोडली नाही. बाळांचं जन्मवजन सरासरी पावणेतीन किलोच्याही खालीच. ब्रिटनमधल्या बाळांशी तुलना केली तेव्हा लक्षात आलं की आपली बाळं हडकुळी दिसतात, पण त्यांच्या अंगावर चरबी तुलनेने टिकून असते. कमी पडतो तो स्नायू. या मुलांना पुढे मधुमेहाचा धोका का, याचं एक सूत्र त्यातून मिळालं. आईच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी असणं, तिने पालेभाजी, फळं, दूध किती खाल्लं, याचा संबंध बाळाशी लागला.

इथपर्यंतचा भाग वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत पोचला आणि त्याचं तात्पर्य निघालं, ‘आयांनो, पालेभाज्या खा’. त्याच अभ्यासातून निघालेला आणखी एक निष्कर्ष मात्र कोणाच्या तोंडी नसतो. गरोदरपणात शेतात आणि घरात ज्यांना जास्त शारीरिक कष्ट पडले त्यांची बाळं लहान भरली. विहिरीवरून पाणी आणणं, खुरपणी, जळण, धुणं या सगळ्याचा हिशेब संशोधकांनी लावला होता. पालेभाजी खा हे बाईला सांगता येतं. तिचा हंडा उचल, हे कोणाला तरी दुसऱ्याला सांगावं लागतं. आपली आरोग्य-जागृती बहुतेकदा पहिल्या वाक्यापाशी थांबते, कारण ते स्वस्त आहे आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही.

रक्तक्षयाचंही तेच. लोहाच्या गोळ्या वाटायचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, पुरुष २५ टक्के. आधीच्या पाहणीत बायकांचं प्रमाण ५३ होतं, म्हणजे गोळ्या वाटता वाटता ते वाढलं. पाळीमुळे बाईच्या अंगातून लोह जातं हे शाळेतल्या मुलीलाही माहीत आहे. पण पाळी जगभरच्या बायकांना येते आणि सगळीकडे निम्म्याहून अधिक बायका फिकट पडत नाहीत. ताटात शेवटी काय उरतं, किती बाळंतपणं झाली, लागोपाठ झाली का, धाप लागली तर ती कोणी विचारात घेतली का, असे प्रश्न गोळीच्या पाकिटावर मावत नाहीत.

कधीकधी तर बाईचं वागणं अगदी चोख असतं आणि तेच तिला नडतं. नव्वदच्या दशकात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ बायकांचा अभ्यास केला. त्यांपैकी ३९१ जणी वेश्याव्यवसायात नव्हत्या, बहुतेक जणी संसारी, नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यातलं एचआयव्हीच्या लागणीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. १९९७ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा एड्सविरोधी मोहिमा ‘जोखमीच्या गटां’भोवती फिरत होत्या: ट्रकचालक, वेश्या, सुईने नशा करणारे. या बायका कुठल्याच गटात बसत नव्हत्या. त्यांची जोखीम म्हणजे त्यांचं लग्न. ‘एकनिष्ठ राहा’ हा आरोग्यसंदेश ज्या बाईने आयुष्यभर पाळला होता तिला तो भिंतीवर रंगवून दाखवण्यात काय अर्थ होता? तिला निरोधची मागणी करता येत नव्हती, नवऱ्याची चाचणी करून घ्या म्हणता येत नव्हतं, आणि माहेरी परत जायला जागा असेलच असं नव्हतं. आरोग्यशिक्षणाने ज्ञान दिलं तरी ते वापरायची सत्ता दुसऱ्याकडेच राहते, आणि हे शिक्षणाची टिमकी वाजवणाऱ्या आपल्या शहराने खरं तर आधी ओळखायला हवं होतं.

कोणी म्हणेल, अहो, बायका लाजतात, पुरुष डॉक्टरपुढे बोलत नाहीत, तिथे गाडं अडतं. हे म्हणणं फार जुनं आहे आणि एके काळी अगदी खरं होतं. आनंदीबाई जोशी याच कारणाने अमेरिकेला गेल्या. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने वारल्या, बाविसावं पुरं होण्याआधी. दवाखाना काढायचं राहून गेलं. पुढे शंभर वर्षांनी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या बायकांची घरोघर जाऊन पाहणी केली. १९८९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. आज पुण्यात पेठेपेठेत, सोसायटीसोसायटीत स्त्री-डॉक्टर आहेत. लाजेची भिंत बरीच पडली. तरीही बाई उशिरा येते, कारण तिला अडवणारी दुसरी भिंत वेळेची, पैशाची आणि सोबतीची आहे. दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ साली आलेल्या बाह्यरुग्णांच्या लाखो नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा रुग्णाचं घर जेवढं लांब तेवढं बायकांचं प्रमाण घटत गेलेलं दिसलं. अंतर पुरुषाच्या दुखण्याला आड येत नाही, बाईच्या दुखण्याला येतं. एकटीला पाठवत नाहीत, आणि बरोबर जाणाऱ्याचा रोज बुडतो.

वैद्यकशास्त्राचेही यात हात गुंतले आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं आणि १९९३ पर्यंत ते धोरण टिकलं. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा बायकांसाठीचा डोस निम्मा करायला हवा हे २०१३ साली, गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाल्यावर लक्षात आलं. हृदयविकारातही छातीतल्या दुखण्याबरोबर धाप, मळमळ, जबड्याची कळ, विलक्षण थकवा अशा तक्रारी बायका जास्त सांगतात, आणि त्यांची बोळवण ‘ॲसिडिटी आहे, टेन्शन घेऊ नका’ अशी होण्याची शक्यताही जास्त.

आता पुरुषांकडे येतो, कारण इथे एक आक्षेप नक्की येणार. आपल्या देशात २०१६-२० च्या आकडेवारीनुसार बाईचं सरासरी आयुष्य ७१.४ वर्षं, पुरुषाचं ६८.६. मग रडगाणं कशाचं? आक्षेप फेटाळण्यासारखा नाही, पण त्याचा अर्थ उलटा लावला जातो. बाई पुरुषापेक्षा थोडी जास्त जगते हे जगभर दिसतं. ती वाढीव वर्षं गुडघे धरत, डोळ्यांतला मोतीबिंदू पिकू देत, पुष्कळदा वैधव्यात आणि मुलांच्या मर्जीवर जातात. आणि पुरुष लवकर का मरतो याचं उत्तरही निव्वळ गुणसूत्रांत सापडत नाही. रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्या दहा जणांत आठाहून जास्त पुरुष असतात. हेल्मेटसक्ती आली की पुण्यात निषेध-सभा भरतात, आणि ‘आम्हाला काही होत नाही’ हा पुरुषी बाणा त्यात नागरी स्वातंत्र्याचा अंगरखा घालून उभा असतो. (तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटर चालवणाऱ्या बायकाही हेल्मेट घालत नाहीत हे खरं. पण त्या मोर्चा काढत नाहीत.)

आत्महत्यांचे आकडे जास्त गंभीर आहेत. २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष, आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर. पुरुषाला ताप आला तर झोपायची मुभा आहे. मन बसलं, नोकरी गेली, कर्ज अंगावर आलं, तर नाही. तिथे त्याला दोन गोष्टींचीच परवानगी, गप्प बसणं किंवा दारू पिणं. यावरून बाईचं मन सुरक्षित आहे असं मात्र कोणी समजू नये. २०१६ साली जगातल्या बायकांच्या एकूण आत्महत्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त एकट्या भारतात झाल्या होत्या. इतर देशांच्या तुलनेत संसारी तरुणी इथे जास्त मरतात. लग्न माणसाला सावरतं असा पाश्चात्त्य समाजशास्त्राचा एक आवडता सिद्धांत आहे, तो आपल्याकडच्या बायकांपुरता लंगडा पडतो.

मुभेची ही वाटणी सगळ्यात उघडी पडते ती नसबंदीत. कुटुंब आरोग्य पाहणीत संततिनियमनासाठी शस्त्रक्रिया केलेल्या बायकांचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांचं ०.३. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत, जागा बधिर करून होते, तो त्याच दिवशी घरी जातो. बाईचं पोट उघडावं लागतं. डॉक्टरला विचारा, दोन्हींत सोपं कोणतं यावर वाद नाही. आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती अजून आहे हे मान्य. पण कुठल्याही वस्तीत विचारलं तर कारण वेगळंच मिळतं: त्याला अशक्तपणा येईल, त्याला जड काम करावं लागतं. डोक्यावर ऊस वाहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, गवंड्याच्या हाताखाली पाट्या टाकणारी बाई हे बोलते तेव्हा तिला स्वतःचं काम जड वाटत नसतं असं नाही. ते थांबलं तर कोणाला खटकणार नाही, किंवा थांबणारच नाही, याची तिला खात्री असते. इथे पुन्हा जोडप्याच्या समुपदेशनाची भाषा नको. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या बाळंतपणानंतर ‘टाका घालायचा का?’, म्हणजे नसबंदी करायची का, हा प्रश्न बाईच्या खाटेपाशी जाऊन विचारला जातो. तो बाहेर व्हरांड्यात उभ्या नवऱ्याला आधी विचारायचा, असा नियम करता येईल. त्याला फार निधी लागत नाही.

‘हे सगळं खेड्यातलं, झोपडपट्टीतलं, आमच्या मुली शिकलेल्या आहेत, हिंजवडीला जातात, वर्षातून एकदा फुल बॉडी चेकअप करतात’ असं म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. शिक्षणाने फरक पडतो, तो नाकारायचा नाही. पण शिकलेल्या बाईने जी सुटका मिळवली ती बरीचशी दुसऱ्या बाईवर सोपवून मिळवली आहे. तिच्या घरची पोळीभाजी, भांडी, आजारी सासूची शी-शू करणारी एक कोणीतरी रोज वारजे-उत्तमनगरहून बसने येते. सॅनिटरी नॅपकिनचंच बघा. त्याचा प्रसार ही बायकांच्या आरोग्याची मोठी झेप मानली जाते, आणि आहेच. वापरलेला नॅपकिन मात्र कित्येक वर्षं उघडाच कचऱ्यात जात राहिला, आणि तो हाताने वेगळा करणारी कचरावेचकही बाईच. पुण्यात ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा उचलते. कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा एवढीच विनंती या बायकांना मोहीम काढून करावी लागली. उत्पादकांनी पाकिटाबरोबर पिशवी द्यायची हे २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं गेलं. एकीच्या पाळीची स्वच्छता दुसरीच्या हातांवर उतरली, त्याला स्त्री-आरोग्य म्हणताना जरा अडखळायला हवं.

स्वच्छतागृहांबद्दल फार लिहायला नको, सगळ्यांना माहीत आहे. मंडईत भाजी विकणारी, चौकात उभी वाहतूक पोलीस, लक्ष्मी रस्त्यावर दुकानात दहा तास उभी राहणारी मुलगी, तिघीही दुपारनंतर पाणी पीत नाहीत. २०१६ पासून जुन्या बसगाड्यांची ‘ती’ नावाची स्वच्छतागृहं शहरात काही ठिकाणी उभी राहिली, कल्पना चांगली होती. रस्त्यांच्या सुशोभीकरणाला जेवढा उत्साह असतो तेवढा या कामाला आला नाही.

मग करायचं काय? ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ स्थापन झालं आहे. त्यासाठी कारखान्यांनी गाळप झालेल्या टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे असं ठरलं. बारामती, इंदापूर, दौंडचे कारखाने आपल्या पुणे जिल्ह्यातच, साखर आयुक्तांची कचेरी शिवाजीनगरला. या पैशातून आजारपणाच्या आणि पाळीच्या दिवसांचा खाडा भरून द्यायचा आणि मुकादमाने तो कापायचा नाही, असं करारात लिहून घेतलं तर हजार आरोग्य शिबिरांपेक्षा जास्त गर्भपिशव्या वाचतील, असं मी बेधडक म्हणतो. दवाखान्यांच्या वेळांचंही तसंच. ‘आपला दवाखाना’ योजनेत दुपारपासून रात्रीपर्यंत डॉक्टर बसवता येतात हे राज्याने दाखवून दिलं आहे. मग स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ सकाळीच, म्हणजे बाई कामावर किंवा स्वयंपाकात असते नेमकी तेव्हाच, का असावी? महापालिकेने आपल्या प्रत्येक रुग्णालयातले बाई-पुरुष रुग्ण, त्यांचं वय आणि कोणता आजार किती उशिरा दाखल झाला हे दर तिमाहीला छापलं, तर वाद घालायला निदान आकडे हाताशी येतील.

मात्र सगळं सरकारच्या माथी मारून आपण मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. त्यांच्या मागण्यांत पगारवाढीइतकीच आजारपणातली रजा होती. त्यानंतर संघटना उभी राहिली, २००८ साली राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा आला. पण ताप आला म्हणून चार दिवस आली नाही तर पगार कापायचा नाही, असं बंधन आजही कोथरूड, औंध, बाणेरमधल्या कुठल्या घरमालकावर नाही. ज्या घरात मालकिणीला स्वतःला आठवड्याला दोन सुट्ट्या, वर्षाला बारा आजारपणाच्या रजा आणि कंपनीचा आरोग्य विमा आहे, त्याच घरात ‘या महिन्यात तिचे चार खाडे झाले’ असं कॅलेंडरवर लिहिलेलं असतं.

सप्टेंबरअखेरीपर्यंत गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात. पार्किंग, गच्चीतली गळती आणि भटकी कुत्री यांवर दोन-दोन तास जातात, तर या एका विषयाला दहा मिनिटं देता येतील. घरकाम करणाऱ्या बाईला वर्षाला बारा दिवस आजारपणाची भरपगारी रजा, साप्ताहिक सुट्टी वेगळी, आणि एका घराने पाळलं नाही तर सोसायटीने विचारायचं. ‘त्या खोटं बोलून रजा घेतील’ असं कोणी ना कोणी म्हणणारच. काही जणी घेतीलही. आपल्या कचेऱ्यांत काय चालतं? तिथे सांगितलेली प्रत्येक पोटदुखी खरी असते काय, याचं उत्तर सभेत हात वर करून द्यायला लावलं, तर ठराव बहुधा बिनविरोध मंजूर होईल.